गॅरेट क्रोशेचं 6-12 बघून त्याला नापास करू नका

बेसबॉल बघणाऱ्या मंडळींना कळकळीने सांगतोय, पिचरचं (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं) नुसतं विन-लॉस, म्हणजे त्याच्या नावावर लागलेले विजय आणि पराभव, बघून मत बनवू नका. 2024 चा गॅरेट क्रोशे घ्या. शिकागो व्हाइट सॉक्सचा डावखुरा पिचर, वय 25, रेकॉर्ड 6-12, म्हणजे 6 विजय, 12 पराभव. लोक एवढंच वाचतात आणि पुढे जातात, मला खरंच राग येतो.

त्याच वर्षी त्याच डिव्हिजनमध्ये (लीगमधल्या टीमच्या गटात) अजून एक डावखुरा होता, डेट्रॉइटचा तारिक स्कूबल. 18-4, साय यंग अवॉर्ड (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळतो तो), सगळीकडे त्याचंच नाव. आता दोघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. स्कूबलचे 192 इनिंग्जमध्ये 228 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणं), क्रोशेचे 146 इनिंग्जमध्येच 209. म्हणजे दर नऊ इनिंग्जला स्कूबल 10.7 आणि क्रोशे जवळजवळ 12.9! वॉक, म्हणजे चार वाइड चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला बेस, स्कूबलचे 35 आणि क्रोशेचे 33. ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर लागलेले रन, तिथे मात्र स्कूबल सरळ पुढे, 2.39 आणि 3.58, वर इनिंग्जही जास्त, त्यामुळे अवॉर्ड त्यालाच मिळायला हवं होतं, वादच नाही. पण 18-4 आणि 6-12 एवढं अंतर? ते नुसतं पिचिंगचं नाही हो.

सीझनचा पहिलाच दिवस बघा. क्रोशेचा मेजर लीगमधला पहिलावहिला स्टार्ट (मॅचची सुरुवात करणारा पिचर म्हणून) आणि समोर कोण, तर स्कूबलच. दोघांनी सहा-सहा इनिंग्ज टाकल्या, क्रोशेने 8 स्ट्राइकआउट काढले, रन दिला एक, आणि मॅच गेली 1-0 ने. लॉस क्रोशेच्या नावावर. टीमला एक रन काढता येत नाही त्यात पिचरने काय करायचं? बुमराने चार विकेट काढल्या आणि बॅटिंग नव्वदीत गुंडाळली गेली तर आपण बुमराला शिव्या घालतो का? आणि ही टीम वर्षभर तशीच, 162 मॅचमध्ये फक्त 507 रन, 121 पराभव, 1962 च्या मेट्सचा 120 चा रेकॉर्डसुद्धा मोडला यांनी.

अजून एक गोष्ट आहे जी फार कोणी बोलत नाही. 2022 मध्ये त्याच्या कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन (कोपराचा फाटलेला लिगामेंट बदलण्याचं) झालेलं, आणि 2024 च्या आधी तो फक्त रिलीव्हर, म्हणजे मॅच सुरू झाल्यावर मधूनच येणारा पिचर, सगळ्या मिळून 73 इनिंग्ज. म्हणून ऑल-स्टार ब्रेकनंतर (सीझनच्या मधल्या सुट्टीनंतर) त्याला कुठल्याच मॅचमध्ये चार इनिंग्जच्या पुढे टाकू दिलं नाही, आणि स्टार्टरला विन मिळायला किमान पाच इनिंग्ज लागतात! म्हणजे कितीही भारी टाकलं तरी नियमानेच विन नाही, लॉस मात्र मिळू शकतो. हात जपला ते बरोबरच केलं असं माझं ठाम मत आहे, पण मग तेच 6-12 त्याच्या तोंडावर कशाला मारता.

2025 ला तो बोस्टन रेड सॉक्सकडून खेळला. 18-5, 205 इनिंग्ज, 255 स्ट्राइकआउट, दोन्ही लीग मिळून सगळ्यात जास्त, ईआरए 2.59. सुधारला तो नक्कीच, पण स्ट्राइकआउट काढायची ताकद आदल्या वर्षीही दिसत होती, बघणाऱ्याला. साय यंग परत स्कूबलला, हा दुसरा. आणि प्लेऑफच्या पहिल्या मॅचला यांकी स्टेडियममध्ये क्रोशेने आठव्या इनिंगपर्यंत 117 पिच (चेंडू) टाकले, 11 स्ट्राइकआउट, फक्त एक रन, आणि बोस्टन 3-1 ने जिंकलं.