तेरा व्हायरस आणि एक ‘अलाऊ’

‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले आहेत’ असं सांगणाऱ्या वेबपानाला भलतीच घाई असते. लाल पट्टी, उद्गारचिन्हांचा पाऊस, फोनची थरथर, आणि खाली उलटं धावणारं घड्याळ: २ मिनिटांत सिम कार्ड बाद! मला त्या थरथरीचं कौतुक वाटतं. अँड्रॉइडवर वेबपानाला फोन थरथरवता येतो. आतल्या फायली चाळून व्हायरस शोधणं मात्र त्याच्या बापालाही जमत नाही, कारण ब्राउझर त्याला आत सोडतच नाही. ‘स्कॅनिंग ७८%’ हे नुसतं हलतं चित्र. फोनचं मॉडेल बरोबर सांगितलं म्हणून लोक हबकतात, पण ती चुगली ब्राउझरनेच केलेली असते. गावाचं नाव इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, म्हणजे आयपी पत्त्यावरून काढतात, म्हणून तर साताऱ्यात बसलेल्या माणसाला ‘मुंबईतील तुमचा फोन धोक्यात’ असा निरोप येतो. असला टॅब सरळ बंद करावा.

अशा खोट्या इशाऱ्यांची दुसरी जात जास्त चिवट. मॅच फुकट बघायला जावं, तर तिथे ‘रोबोट नसाल तर अलाऊ दाबा’. आपण दाबतो. आपण माणूस आहोत हे तिथेच सिद्ध होतं. रोबोटने आधी विचार केला असता. त्या क्षणी आपण त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायचा परवाना दिलेला असतो. मग साइट बंद असली तरी कोपऱ्यात ‘अँटीव्हायरसची मुदत संपली’ सुरू. यावर कोणी हिस्टरी पुसतो, कोणी दुसरा अँटीव्हायरस चढवतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! हिस्टरी पुसून परवाना रद्द होत नाही.

इलाज असा. नोटिफिकेशनवर बारीक अक्षरात साइटचा पत्ता असतो, तो बघून ठेवा. क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्यांच्या यादीत तो पत्ता सापडेल. त्यापुढचे ठिपके दाबून ‘ब्लॉक’ करा. नुसतं ‘रिमूव्ह’ केलंत तर पुढच्या मॅचला तो पुन्हा दारात. फोनवर क्रोमच्या सेटिंग्जमधून थेट साइट सेटिंग्ज गाठायचं.

कॉम्प्युटरवर मात्र कधीकधी अख्खा पडदा निळा होतो, भोंगा वाजतो आणि मधोमध ‘मायक्रोसॉफ्ट’चा फोन नंबर झळकतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढं पुरे. एस्केप दोन-तीन सेकंद दाबून धरा. नाहीच हटलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, क्रोम निवडा, एंड टास्क. नंतर क्रोम उघडल्यावर तो अगदी आपुलकीने विचारतो, मघाची पानं पुन्हा उघडू का? तिथे फुली मारायची.

नंबर फिरवून, त्यांनी सांगितलेलं, दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं रिमोट ॲप टाकून बसला असाल, तर आधी इंटरनेट तोडा, मग ते ॲप काढा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर हे सगळं मागाहून; आधी बँक आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.