काम लहान असताना करू नये

अभिनंदन! घर झालं, घरापुढे चार पावलं मातीही मिळाली. सुट्टीच्या दिवशी काय करायचं, हा प्रश्न आता तुम्हाला कधी पडणार नाही. मात्र त्यासाठी एक पथ्य पाळावं लागतं. काही उतावळी माणसं नळ गळायला लागला की त्याच दिवशी पाना घेऊन बसतात, अर्ध्या तासात मोकळी होतात आणि उरलेला दिवस जांभया देत काढतात. काम लहान असताना उरकून टाकण्यात कसला आलाय पराक्रम? त्याला वाढू द्या, अंगाने भरू द्या, आजूबाजूची चार कामं त्याला येऊन मिळू द्या. मग हात घाला.

सुरुवातीला नळच बरा. सेकंदाला एक थेंब हा वेग शिकाऊ माणसाला झेपतो. दिवसाचे ८६,४०० थेंब होतात आणि झोप न लागल्यास त्यातले बरेचसे मोजताही येतात. दुखणं बहुधा आतल्या रबरी वॉशरचं असतं, आणि तो बदलणं इतकं सोपं आहे की त्याच्या वाटेला जाऊच नये. त्याऐवजी नळ जोरात आवळा. उद्या त्याहून जोरात. कडक झालेला वॉशर आणखी चेपतो, फटीतून पाणी झिरपत राहतं आणि वॉशर जिथे टेकतो ती पितळी बैठक झिजायला लागते. आता नुसत्या वॉशरने भागणार नाही, म्हणजे तुमचं बरोबर चाललंय. मधल्या काळात पाहुण्यांना तयार करा. बाथरूमच्या बंद दाराबाहेर उभं राहून आतल्या माणसाला "आधी डावीकडे अर्धा फिरवा, मग जरा वर उचला, आता दाबा, दाबलात का?" असं ओरडून सांगण्यात जी घरमालकी आहे, ती खरेदीखतात नाही.

आणि दुरुस्तीची वेळ आलीच, तर मुख्य व्हॉल्व्ह त्या क्षणी पहिल्यांदा फिरवून बघा. वर्षानुवर्षं हात न लागलेला व्हॉल्व्ह एक तर जागचा हलत नाही, नाहीतर हलतो आणि दांड्याच्या मुळाशी स्वतःच गळू लागतो. एकाची दोन कामं झाली.

नळावर हात बसला की भिंतीतल्या ओलीकडे वळा. इथे खरी साधना आहे. कोपऱ्यात तळहाताएवढा डाग दिसला तर पाणी कुठून येतंय ते चुकूनही शोधू नका. गच्चीचा उतार, बाहेरच्या प्लास्टरमधले तडे, भिंतीत गाडलेला पाइप, असल्या चौकशीत पडलात तर कारण सापडण्याचा धोका असतो. डाग आतून दिसतोय ना, मग उपायही आतूनच. खरवडा, पुट्टी भरा, वर रंगाचे दोन हात द्या आणि मागे सरून कमरेवर हात ठेवून बघा. हे सुख एक-दोन महिने टिकतं. तेवढ्यात पाणी आपलं काम शांतपणे करत असतं. विटांमधून आणि सिमेंटमधून येताना ते क्षार विरघळवून सोबत आणतं. पृष्ठभागाशी आल्यावर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते नव्या रंगाला आतून ढकलायला लागतात. मग येतात ते फुगे, आणि त्यांच्याखाली बोटाला लागणारी पांढरी भुकटी.

या फुग्यांबद्दल कुणी चांगलं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, आणि हा अन्याय आहे. एखादा कंटाळवाणा फोन आला की भिंतीजवळ जाऊन उभं राहावं. नख फुग्याच्या कडेखाली सरकवावं. पापुद्रा आधी टचकन तुटतो, मग लांबच्या लांब सोलून येतो, त्याच्या पाठीला पुट्टीचा पातळ थर चिकटलेला असतो. समोरचा बोलतोय, तुम्ही "हो हो, बरोबर" म्हणताय आणि फोन ठेवेपर्यंत हातभर भिंत उघडी पडलेली असते. जुना रंग, त्याच्याखालचा त्याहून जुना रंग, कुणीतरी कधीकाळी हौसेने दिलेला पोपटी. एवढ्या निर्मळ आनंदानंतर भिंत पुन्हा रंगवायला कुणाची ना नसते. माळ्यावर उरलेल्या रंगाचा डबा असतोच. त्यावरची जाड साय काठीने फोडा, ढवळा, लावा. नंबर तोच, कंपनी तीच, पण भिंतीवरचा रंग इतक्या वर्षांत उतरलेला असतो, त्यामुळे ठिगळ दुरूनही ओळखू येतं. मग अख्खी भिंत. ती उजळली की शेजारच्या तिघी मळकट दिसतात. त्या झाल्या की छताकडे मान वर होते. तळहाताएवढ्या डागातून इतकी प्रगती झाली, आणि ओल अजून जिथल्या तिथे आहे.

हत्यारांवर फार बोलायला नको. घरात एकच स्क्रू ड्रायव्हर असावा आणि तो प्रत्येक स्क्रूला थोडासा लहान असावा. खाच चेपून गोल झाली, स्क्रू आत जाईना की बाहेर येईना, की त्या कामाचं वय आपोआप वाढतं. एरवी तो रंगाचे डबे उघडायला वापरावा.

आता अंगणात चला. अंगणात हिरवळ हवीच असा तुमचा हट्ट असेल, तर एडविन बडिंग या इंग्रज माणसाचे आभार माना. कापडगिरणीत लोकरी कापडावरचे तंतू छाटायचं यंत्र होतं, त्यावरून त्याने १८३० मध्ये गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तोवर हे काम विळे आणि मेंढरं करत होती, आणि मेंढराला रविवारी सकाळी दोरी ओढून चालू करावं लागत नव्हतं. असो. हिरवळीसाठी माती चाळा, खत घाला, हरळीचे गड्डे ओळीने लावा. ती तिथे पिवळी पडेल आणि फरशीच्या सांध्यात, जिथे चिमूटभर धूळ आहे, तिथे दाट उगवेल. तिला तुमची योजना मान्य नाही, एवढंच समजायचं.

तिच्यातूनच लव्हाळा डोकं काढेल. दिसायला गरीब, तीन पात्यांचा, ओढला की अलगद हातात येणारा. तो तसाच ओढत चला आणि निंदणी झाल्याचं समाधान घ्या. त्याच्या गाठी खाली मातीत माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरचा शेंडा तुटला की खालच्या गाठींना जाग येते आणि एकाच्या जागी तिघे उभे राहतात. जगातलं सर्वांत चिवट तण म्हणून शास्त्रज्ञांनी ज्याचं नाव घेतलं, ते तुम्ही स्वतःच्या हाताने वाढवताय, हे विसरू नका. निराश होऊन "एकदाचं सगळं तण संपवतो" असं मनात आलं, तर १८७९ सालची गोष्ट आठवा. अमेरिकेत विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तणांचं बी २० बाटल्यांत घालून जमिनीत पुरलं, किती काळ जिवंत राहतं ते बघायला. त्यातली एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तर १४२ वर्षांनंतरही काही बी उगवलं. शेवटची बाटली २१०० साली काढायची आहे. तुमच्या अंगणातलं बी तुमच्या निवृत्तीची वाट बघत थांबायला तयार आहे.

कुंड्यांना पाणी घालायचं काम घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्याला न सांगता करावं. मुळांना पाणी जास्त झालं की हवा मिळत नाही, ती कुजतात, पाणी ओढेनाशी होतात आणि झाड मान टाकतं. तहानेनेही झाड अशीच मान टाकतं. त्यामुळे सगळ्यांना एकदमच त्याची दया येते, आणि सगळे पुन्हा तांब्या घेऊन निघतात.

पण माझ्या मते या सगळ्यांत वरचा नंबर पिंपळाचा. एखादा पक्षी गच्चीच्या कठड्यावर बसतो, त्याच्या विष्ठेतून बी फटीत पडतं आणि पावसाळ्यात दोन कोवळी तांबूस पानं वाऱ्यावर हलायला लागतात. किती गोड दिसतात! त्यांचा फोटो काढा. "बिचारं, सिमेंटमध्येसुद्धा जगतंय" असं लिहून चार लोकांना पाठवा. पुढच्या वर्षी ते वीतभर झालं की कात्रीने वरून कापा, मुळाला धक्का न लावता. फटीतलं मूळ जाड होत राहील, वर एकाऐवजी चार फुटवे येतील आणि कठड्यातली केसाएवढी रेघ बोट जाईल एवढी होईल. त्या फटीतून पावसाचं पाणी सरळ खालच्या खोलीच्या भिंतीत उतरतं. होय, त्याच कोपऱ्यात. तुम्ही इतके दिवस आतून पुट्टी भरत होता तो डाग आणि हा पिंपळ एकमेकांना केव्हापासून ओळखतात.

इथवर आलात की कारागीर बोलवायला हरकत नाही. कामं आता त्याच्या तोलामोलाची झालेली असतात. तो येईल, पिशवी खाली ठेवील, उकिडवा बसून भिंतीवर बोटाने टकटक करील, नळाला गुंडाळलेल्या टेपच्या गाठोड्याकडे बराच वेळ बघत राहील. मग वळून विचारील, "हे आधी कुणी केलंय?"

"आधीचे मालक," असं शांतपणे सांगा. घर तुम्हीच बांधलेलं असलं तरी चालेल. फक्त घरातलं दुसरं कुणी मागे उभं नाही ना, तेवढं बघून घ्या.