‘हॅव’ नव्हे, आई, ‘हॅज’!

परवा प्रथम वर्षाच्या वर्गात आयरनी शिकवत होते. पहिल्या बाकावरच्या मुलीनं वहीत आधीच लिहून ठेवलं होतं, ‘आयरनी म्हणजे उपरोध. कथेच्या शेवटी बसणारा धक्का.’ गाईडमधलं वाक्य. पाच मार्कांना पुरतं. मीसुद्धा तेच पाठ करून पास झाले होते, आणि त्या पाठांतरापायी एक कथा वीस वर्षं माझ्या हाताला लागली नाही.

उपरोध करणाऱ्याला आपण टोचतोय हे ठाऊक असतं. आयरनीत बहुतेक वेळा कुणालाच काही ठाऊक नसतं. आई आणि मुलगा, नवरा आणि बायको एका छपराखाली राहतात, एकमेकांची काळजी घेतात आणि एकमेकांबद्दल अर्धंच जाणतात. उरलेलं अर्धं फक्त वाचणाऱ्याला दिसतं. म्हणून मी आता मुलांना सांगते, शेवटच्या पानावर धावू नका. नातं कुठे आंधळं आहे ते आधी शोधा.

धक्का म्हटलं की सगळ्यांना ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मेजाय’ आठवते. १९०५ सालची कथा. डेलाकडे १ डॉलर ८७ सेंट आहेत, नाताळ उद्यावर आलाय. ती नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घेण्यासाठी केस विकते, आणि त्यानं तिच्या केसांसाठी कंगवे आणायला घड्याळच विकलेलं असतं. गोड कथा आहे, मला आवडते. पण तिथलं न कळणं एका संध्याकाळपुरतं आहे. दोघं समोरासमोर येतात, कळतं, आणि नातं होतं त्याहून घट्ट होतं. सगळ्या घरांत अशी संध्याकाळ येत नाही.

टॉमस हार्डीची ‘द सन्स व्हीटो’ (मुलाचा नकाराधिकार) १८९१ची. पुढे १८९४ मध्ये ‘लाइफ्स लिटल आयरनीज’ या संग्रहात आली. सोफी ही खेड्यातल्या पाद्र्याच्या घरी काम करणारी मुलगी. आजारी मालकासाठी ट्रे घेऊन जिन्यावरून जाताना पडते, पाय कायमचा अधू होतो. आता काम जमणार नाही, नोकरी सोडते म्हणते, तेव्हा पाद्री तिला लग्नाचं विचारतो. तिच्या मनात त्याच्याविषयी प्रेमापेक्षा आदर जास्त. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मोलकरणीशी लग्न म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही, म्हणून दोघं लंडनला जातात. मुलगा होतो, रँडॉल्फ. तो मोठ्या शाळेत जातो.

कथेच्या सुरुवातीलाच बागेतल्या बँडची मैफल संपवून मायलेक घरी निघालेत. ती चाकांच्या खुर्चीत. केसांची वेणी टोपली विणावी तशी बारीक गुंफलेली. रोज सकाळी घालायची, रात्री सोडायची. तिला येणारी ही जवळजवळ एकच कला, आणि मोलकरीण नसल्यानं सगळं तिचं तीच करते. घरी आजारी असलेल्या नवऱ्याबद्दल ती काही बोलते आणि ‘हॅज’च्या जागी ‘हॅव’ म्हणते. बारा-तेरा वर्षांचं पोर फटकन म्हणतं, ‘हॅज, आई, हॅव नव्हे! एव्हाना तुला हे कळायला हवं.’

त्या पोराच्या ओठांवर केकचे कण चिकटलेले आहेत. खिशातून बाहेर न काढता गुपचूप केक खाण्याच्या खटपटीत लागलेले. आईला ते दिसतात. आधी तोंड पूस, असं ती म्हणू शकली असती. ती काही म्हणत नाही, चूक तेवढी सुधारून घेते.

माझ्या मते अख्खी कथा त्या कणांत आहे. त्याला तिचं व्याकरण दिसतं, तिला त्याचं तोंड दिसतं. आईपण नेमकं कुठल्या नजरेत आहे, हे त्या पोराला शाळा कधीच शिकवणार नव्हती.

नवरा जातो. सोफी लंडनच्या उपनगरातल्या एका लांबच लांब सरळ रस्त्यावरच्या घरात एकटी उरते. झोप येत नाही, मग रात्री एक वाजता खिडकीशी बसून कॉव्हेंट गार्डनच्या बाजाराकडे निघालेल्या भाजीच्या गाड्या बघते. कोबीचे डुलणारे बुरूज, पांढऱ्याशुभ्र सलगमांचे मनोरे. भाज्यांनी लादलेल्या त्या ढिगांना हार्डीनं ‘हौदा’ म्हटलंय, आपला हत्तीवरचा हौदा! अशाच एका गाडीवर तिला सॅम दिसतो, तिच्या गावचा माळी, लग्नाआधी तिला मागणी घातलेला. तो पुन्हा विचारतो. भाजी-फळांचं दुकान टाकू म्हणतो. तिला हवं असतं. पण मुलाला विचारायला हवं.

मुलगा म्हणतो, मी बरबाद होईन, इंग्लंडमधल्या सभ्य माणसांत माझी मान खाली जाईल. वर्षानुवर्षं ती विनवत राहते. शेवटी तो तिला आपल्या खोलीतल्या क्रुसासमोर गुडघे टेकायला लावून शपथ घ्यायला लावतो की माझ्या संमतीशिवाय लग्न करणार नाहीस. शिक्षणानं त्याच्यातली माणुसकी पुरेशी हुसकावून लावली होती, असं हार्डी तिथे लिहितो. मला वाटतं, हे वाक्य त्यानं लिहायला नको होतं. केकचे कण पुरेसे होते.

पुढे चारेक वर्षांनी सॅम आपल्या दुकानाच्या दारात उभा आहे. दुकानाची खिडकी अर्धवट झाकलेली. स्टेशनाकडून एक प्रेतयात्रा येते आणि सोफीच्या जुन्या गावाच्या वाटेला लागते. ज्या गावाकडे जिवंतपणी परतायचं होतं, तिकडे ती अशी निघालीय. सॅमचे डोळे पाणावलेत, टोपी हातात. आणि मागच्या गाडीतून एक तरुण पाद्री त्याच्याकडे काळ्या ढगासारखा बघतोय.

हार्डीचे वडील गवंडीकाम करणारे, आई लग्नाआधी लोकांच्या घरी कामाला होती. त्यानं हे कुठून आणलं, ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मी आठवीत असताना माझ्या आईनं शाळेत येऊन बाईंना सांगितलं, ‘पोरीला ताप व्हता.’ मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, ‘आई, होता म्हण.’ बाई हसल्या. आईही हसली. त्यानंतर माझ्या मैत्रिणी घरी आल्या की ती बोलायचीच नाही, पोह्यांच्या ताटल्या ठेवायची आणि आत जायची. मला वाटायचं, आई अबोल आहे. आजही मावशी आली की स्वयंपाकघरात ‘व्हतं’, ‘न्हवतं’, ‘आनि’ असं भरभरून चाललेलं असतं, आणि मी उंबऱ्यात दिसले की आई जपून ‘होतं’ म्हणते. मला कळावं म्हणून शुद्ध बोलणारी माझी आई, आणि कॉलेजात नातेसंबंध शिकवून पगार घेणारी मी. आमच्यातलं हे मला चाळिशीत कळलं, तेही इंग्रजी कथा तिसऱ्यांदा वाचताना.

मग बाकीच्या कथाही वेगळ्या दिसायला लागल्या. कॅथरीन मॅन्सफिल्डची ‘मिस ब्रिल’ (१९२०) दर रविवारी बागेत बसते, परक्यांचं बोलणं कान देऊन ऐकते. त्या दिवशी तिच्या गळ्याभोवती जुनी फर आहे, केसाळ कातड्याची पट्टी. हे सगळं एक नाटक आहे आणि आपणही त्यात आहोत, या विचारानं हरखते. शेजारी येऊन बसलेलं तरुण जोडपं तिलाही ऐकू येईल असं बोलतं. ही म्हातारी कशाला येते इथे, ती फर तळलेल्या मासळीसारखी दिसतेय! रविवारी बेकरीतून मधाच्या केकचा तुकडा घ्यायचा, ही तिची चैन. त्या दिवशी ती तो घेत नाही. फर डब्यात ठेवून झाकण लावताना तिला कुणीतरी रडल्यासारखं वाटतं. इथे धक्का कुठला? दुसऱ्यांच्या बोलण्यावर जगणाऱ्या बाईला एकदा स्वतःबद्दलचं बोलणं ऐकू आलं, इतकंच.

आणि केट शोपँची १८९४ची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’. नवरा गेल्याची बातमी ऐकून लुईझ आधी रडते आणि मग एकटीच पुटपुटते, मोकळी, मोकळी. तो जिवंत परत येतो, ती जागीच मरते. डॉक्टर म्हणतात, आनंद सोसला नाही. वर्गात इथे पोरं हसतात. मी त्यांना विचारते, तिचा नवरा वाईट होता का? कथेत तो प्रेमळ आहे. मग वर्ग गप्प होतो, आणि तास तिथे खरा सुरू होतो.

गेल्या रविवारी फोनवर मी आईला सोफीची गोष्ट सांगितली. सगळी, केकच्या कणांसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या भाजीवाल्याचं फुडं काय झालं?”

म्हटलं, लेखकानं लिहिलेलं नाही.

“दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आसंल त्यानं,” ती म्हणाली. “माल नासतो. पर लई जीव व्हता गं त्याचा तिच्यावर.”