उषःकाल, रात्री पावणेअकराला

'संगीत सौभद्र' मी एकोणतीस वेळा पाहिलंय. आमच्या ह्यांनी दोनदाच, आणि तेही गाडी कोण चालवणार म्हणून. "अगं, शेवटी सुभद्रा अर्जुनालाच मिळते ना?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मिळते. माझ्या पणजीच्या काळापासून मिळतेय. बलरामदादानं दुर्योधनासाठी कितीही जीव टाकला तरी मिळतेच. पण आमटीत पुढे काय होतं हे बघायला कोणी भात कालवतं का? आणि 18 नोव्हेंबर 1882 ला पुण्यात किर्लोस्करांनी पहिला प्रयोग केला, तेव्हा तीनच अंक तयार होते. लोक अर्धंच सौभद्र बघून घरी गेले आणि खुशीत गेले. हे सांगितलं की हे पेपर उघडतात.

माझी खरी अडचण ओठांची आहे. तिसरी घंटा झाली, धुपाचा वास आला, ऑर्गनवाल्यानं सूर धरला की माझे ओठ माझे राहत नाहीत. सुभद्रा 'वद जाऊ कुणाला शरण' विचारायला लागते आणि पुढच्या रांगेतले आजोबा मान वळवून माझ्याकडे बघतात. मी गात नसते हो, नुसती पुटपुटते. एकदा तर नारदाच्या आधीच माझी तान सुटली. नारद बिचारा हसला. आजोबा हसले नाहीत.

दुसरं दुखणं गाळलेल्या पदांचं. मूळ नाटकात शंभरावर पदं. पूर्वी प्रयोग रात्रभर चालायचे, म्हणून ती मावायची. आता तीन तासांत सुभद्रेचं हरण, घटोत्कच, रुक्मिणीचा रुसवा आणि मध्ये बटाटेवडा हे सगळं उरकायचं, म्हणजे कात्री आलीच. एखादं पद उडवलं की मी शेजारच्याला कोपरानं ढोसते. "गाळलं!" शेजारी बहुधा अनोळखी असतो. वन्समोअर द्यावा तर मागून कोणीतरी शेवटच्या बसची आठवण करून देतं.

पण सगळ्यात जास्त सलतं ते 'प्रिये पहा'. कृष्ण रुक्मिणीला सांगतोय, रात्र सरली, उषःकाल होतोय. राग देसकार, अगदी सकाळचा. आणि माझ्या घड्याळात रात्रीचे पावणेअकरा! बाहेर रिक्षावाले दीडपट भाड्यासाठी टपलेले. असल्या उषःकालाला रुक्मिणीचा रुसवा जाईल तरी कसा?

म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, गोव्याला जायचं. तिथं देवळांच्या जत्रांतून गावची मंडळी अजून रात्ररात्र संगीत नाटक करतात. ह्यांना मासळीचं आमिष दाखवलं. पालखी झाली आणि साडेबाराला नांदी सुरू झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर मांडव, तबलजी दिवसा म्हणे पोस्टात असतो. अर्जुनाचा आवाज असा की दोन माड हलावेत. आणि पदं गाळायचं नावच नाही! मी थर्मासभर कॉफी नेली होती. दोन वाजता संपली. तीनपर्यंत मी शाल घट्ट लपेटून ताठ बसलेली मला आठवतेय.

नंतर आठवतो तो कोंबडा. खरा कोंबडा, देवळामागचा. डोळे उघडले तर पूर्वेला तांबडं फुटलेलं आणि रंगमंचावर कृष्णही नाही, रुक्मिणीही नाही. दोन पोरं पडदा गुंडाळत होती.

"प्रिये पहा झालं?" मी विचारलं.

"झालं की," हे म्हणाले. "काय गायला गं तो! आणि गाता गाता मागे खरंच उजाडायला लागलं. तीनदा झालं."

"तीनदा?"

"पहिला वन्समोअर मीच दिला."