तमारा प्रेस 'पुरुष' होती म्हणे

तर परत ते 'प्रेस बंधू' वालं फॉरवर्ड फिरायला लागलंय. ज्यांना आलं नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोव्हिएत रशियाने साठच्या दशकात दोन पुरुषांना बायका म्हणून ऑलिंपिकला पाठवलं, त्यांची नावं तमारा आणि इरिना प्रेस (खरं तर दोघी बहिणी), खरी नावं म्हणे पुरुषांची, तमाराचा गोळा आणि थाळी पुरुषांपेक्षाही लांब जायची, १९६६ ला लिंगचाचणी सुरू झाली आणि दोघं रातोरात गायब, मग सगळी मेडलं काढून घेतली. खाली एका दाढीवाल्या माणसाचा फोटो, 'हीच ती तमारा'. आणि शेवटी ठळक अक्षरात, 'आपल्याकडेही अशा पोरींची तपासणी झालीच पाहिजे'.

एरवी असलं काही आलं की मी डिलीट करून मोकळी होते. पण हे आमच्या घरच्या ग्रुपवर आलं, एका काकांनी टाकलं, वर तीन हसरे चेहरे, आणि त्याच ग्रुपवर माझी पुतणी आहे जी जिल्ह्याकडून गोळाफेक करते. पंधरा वर्षांची पोर. खांदे रुंद, केस बारीक कापलेले, ग्राउंडवरून येते तेव्हा जबड्याखाली गोळा टेकवून टेकवून काळा डाग पडलेला असतो. 'मुलगाच वाटते हो' हे तिला आजूबाजूच्यांकडून आधीच फुकटात ऐकायला मिळतं, त्यात आता हे.

आधी ते 'पुरुषांपेक्षा लांब' घेऊ, कारण त्याच्याएवढं हास्यास्पद दुसरं काही नाहीये यात. बायकांचा गोळा ४ किलोचा असतो, पुरुषांचा ७.२६ किलोचा. थाळी बायकांची १ किलो, पुरुषांची २ किलो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला तमाराने गोळा फेकला १८.१४ मीटर. त्याच ऑलिंपिकला अमेरिकेच्या डॅलस लाँगने जवळपास दुप्पट वजनाचा गोळा २०.३३ मीटर फेकला. थाळीतही तेच, तमारा ५७.२७ आणि अल ऑर्टर दुप्पट वजनाची थाळी घेऊन ६१ मीटर. म्हणजे एक तर वजन वेगळं, आणि वजन विसरलं तरी अंतरसुद्धा कमीच. आता मला सांगा, एवढा मोठा देश पुरुषच शोधून पाठवणार होता तर त्याला याहून बरा पुरुष मिळाला नाही? हातात जवळपास अर्ध्या वजनाचा गोळा असून हा दोन मीटर मागे?

बरं, बायकांना तरी सहज हरवत होती का? गोळ्यात जवळजवळ हो, तिथे ती खरंच भारी होती, टोकियोत दुसऱ्या नंबरपेक्षा अर्धा मीटर पुढे. पण थाळीत? १९६० ला रोममध्ये निना पोनोमारेवाने तिला चांगलं अडीच मीटरने मागे टाकलं, तमाराला सिल्व्हर. १९६४ ला गोल्ड मिळालं ते किती फरकाने, तर जर्मनीच्या इंग्रिड लोट्झपेक्षा ६ सेंटीमीटरने. सहा सेंटीमीटर! आणि १९५८ च्या युरोपियन स्पर्धेत गोळ्यात ब्राँझ. दुसरे 'बंधू' इरिना, त्यांना रोममध्ये ८० मीटर हर्डल्सचं गोल्ड होतं, टोकियोत पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची एकत्र स्पर्धा) जिंकली पण हर्डल्समध्ये मेडलसुद्धा नाही, चौथी आली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एकदा निकाल उघडून बघितले असते तरी कळलं असतं.

आणि 'बाईला अशक्य' म्हणाल तर तमाराचा गोळ्याचा सगळ्यात मोठा वर्ल्ड रेकॉर्ड १८.५९ मीटर, १९६५ चा. तो १९६८ ला मोडला, नादेझ्दा चिझोव्हाने, आणि पुढच्याच वर्षी तिने २० मीटर पार केले. आजचा वर्ल्ड रेकॉर्ड २२.६३ आहे. लांब कशाला जाता, महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या आभा खटुआने २०२४ ला भुवनेश्वरला १८.४१ मीटर फेकलाय. म्हणजे तमाराच्या टोकियोतल्या गोल्ड मेडलवाल्या थ्रोपेक्षा लांब. तिच्यावरही फॉरवर्ड काढणार का आता?

तो दाढीवाला फोटो. तो तमाराचा नाहीच, तो आंद्रेआस क्रीगरचा आहे. पूर्व जर्मनीचा खेळाडू, हायडी क्रीगर या नावाने १९८६ ला गोळाफेकीत युरोपियन चॅम्पियन. त्या पोरीला शाळकरी वयापासून व्हिटॅमिन म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जात होत्या, सरकारी कार्यक्रमच होता तो. पुढे १९९७ मध्ये शस्त्रक्रिया करून त्याने पुरुष म्हणून जगायचं ठरवलं, आणि ज्यांनी हे केलं त्यांच्यावरच्या खटल्यात कोर्टात साक्षही दिली. तमाराने खेळणं थांबवलं तेव्हा हा माणूस पाळण्यात होता. दुसऱ्या देशाचा, वीस वर्षांनंतरचा, आणि स्वतः अन्याय सोसलेला माणूस, त्याचा फोटो उचलून खाली हसरे चेहरे टाकायचे, कमाल आहे.

हां, एवढं मान्य करते की त्या काळात पूर्वेकडच्या देशांत औषधं चालायची, आणि फक्त पूर्वेकडेच नाही. ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडची तपासणीच मुळी १९७६ ला माँट्रियलपासून सुरू झाली, त्यामुळे साठच्या दशकातलं कोण स्वच्छ होतं याची खात्री कुणाचीच देता येत नाही. तमाराचीही नाही. पण तमाराविरुद्ध पुरावाही नाही, आणि औषधं घेणं म्हणजे पुरुष असणं नव्हे.

आता १९६६. इथे फॉरवर्डमध्ये अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यावरच सगळा डोलारा उभा आहे. बुडापेस्टच्या युरोपियन स्पर्धेत पहिल्यांदा सगळ्या बायकांची तपासणी झाली आणि त्या वर्षी दोघी बहिणी आल्या नाहीत, नंतर मोठ्या स्पर्धेत दिसल्याच नाहीत. योगायोग संशयास्पद आहे, नाही म्हणत नाही. पण तपासणी म्हणजे काय होती ते फॉरवर्डमध्ये नाही. रक्त नाही, लघवी नाही, डॉक्टरांच्या पॅनेलसमोर कपडे काढून एकेकीने उभं राहायचं. त्याच वर्षी किंग्स्टनच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये तर हात लावून तपासलं. तिथे उत्तर आयर्लंडकडून मेरी पीटर्स होती, गोळाफेकवालीच, पुढे १९७२ ला पेंटॅथलॉनचं ऑलिंपिक गोल्ड मिळवलं तिने. तिने नंतर लिहून ठेवलंय की इतका ओंगळ आणि अपमानास्पद अनुभव आयुष्यात दुसरा आला नाही. ती पास झाली होती, तरी. तमारा तेव्हा २९ वर्षांची, दोन ऑलिंपिकमध्ये तीन गोल्ड आणि एक सिल्व्हर घेऊन झालेलं, आणि पेपरवाले आधीपासूनच 'प्रेस ब्रदर्स' म्हणून खिल्ली उडवत होते. ती का नाही आली याची दहा कारणं असू शकतात, शरीरात काही वेगळं असेल हेही त्यातलं एक असू शकतं, पण तेही 'पुरुषाला साडी नेसवून पाठवलं' यापासून कोसभर लांब आहे.

आणि मुद्दा खरा इथेच आहे. अशा तपासण्यांत नेमकं सापडतं कोण? १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा हिशोब शास्त्रीय जर्नलमध्ये छापलेला आहे. ३३८७ बायका तपासल्या, ८ जणींमध्ये वाय क्रोमोसोमवरचा, एरवी पुरुषांत असणारा जीन सापडला. आठही जणी जन्मापासून बाई म्हणून वाढलेल्या, त्यातल्या सात जणींचं शरीर पुरुषी हार्मोनला पूर्ण किंवा थोडाफार प्रतिसादच देत नव्हतं. आठही जणींना खेळू दिलं. सोंग घेतलेला पुरुष, शून्य. १९९९ ला ऑलिंपिक कमिटीने सरसकट तपासणी बंदच केली. आता कुणीतरी लगेच म्हणेल की २०२५ पासून वर्ल्ड अॅथलेटिक्सने (अॅथलेटिक्सची जागतिक संस्था) त्याच जीनची टेस्ट परत आणली ना. आणली. पण ज्याने तो जीन १९९० मध्ये शोधला, त्या अँड्र्यू सिंक्लेअरनेच याविरुद्ध लिहिलं की हा जीन असणं म्हणजे शरीर पुरुषाचं असणं असा सरळ हिशोब होत नाही.

आपल्याकडे 'झालीच पाहिजे' म्हणणाऱ्यांना बहुतेक माहीत नाही की आपल्याकडे झालेली आहे. तमिळनाडूची शांती सौंदरराजन, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची पोर, २००६ च्या दोहा एशियन गेम्समध्ये ८०० मीटरचं सिल्व्हर जिंकली आणि चाचणीनंतर मेडल गेलं, बातमी देशभर टीव्हीवर, पुढच्या वर्षी तिने आत्महत्येचा प्रयत्न केला. धावपटू द्युती चंदला २०१४ मध्ये अठराव्या वर्षी, शरीरात पुरुषी हार्मोन नियमापेक्षा जास्त म्हणून, कॉमनवेल्थच्या टीममधून काढलं, ती लढली, २०१५ ला खेळांच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाने तो नियम स्थगित केला तेव्हा कुठे परत धावली. दोघींपैकी कुणीही कुणाला फसवलेलं नव्हतं. काकांना 'तपासणी' हा शब्द हलका वाटतो कारण तपासलं त्यांना जाणार नाहीये.

बाकी राहिलं ते किरकोळ. मेडलं काढून घेतली म्हणे, साफ खोटं. रोम आणि टोकियोच्या अधिकृत निकालांत दोघींची नावं आजही जागेवर आहेत. खरी नावं पुरुषांची होती म्हणे, तर तमाराचा १९३७ साली खार्कीव्हला जन्म, युद्धात वडील गेले, आई दोन्ही पोरींना घेऊन समरकंदला पळाली, एवढं सगळं माहीत आहे, त्यात पुरुषाचं नाव कुठून आणलं ते लिहिणाऱ्यालाच विचारा. आणि गायब? इरिना २००४ ला वारली. तमारा नंतरही खेळांच्या संस्थांमध्ये काम करत होती, मॉस्कोत राहत होती आणि २६ एप्रिल २०२१ ला तिथेच वारली, ८३ व्या वर्षी. तिच्या मृत्यूच्या बातम्या जगभर छापून आल्या आणि त्यांतही तो १९६६ चा किस्सा होताच.