कौतुक खूप झालं, आता नावावर काय आहे ते बोलूया

घरी राहून लहान मुलं वाढवणाऱ्या बाईचं कौतुक करायला आपल्याकडे कुणी हात आखडता घेत नाही. मातृदिनाला स्टेटस, हळदीकुंकवाला ‘कसं गं सगळं सांभाळतेस’, वाढदिवसाला साडी. त्यातलं प्रेम खरं असतं आणि मला ते हवंच आहे. पण त्याच बाईच्या खात्यात किती पैसे आहेत, घराच्या करारावर तिचं नाव आहे का, तिचा विमा कुणी उतरवलाय का, असं विचारलं की सगळे गप्प होतात. मला आज त्याबद्दलच लिहायचंय.

मी नाशिकला राहते. मुलगी मोठ्या शिशूत आहे, धाकटा अजून दोनचा व्हायचाय. आधी एका कंपनीत अकाउंट्स बघायचे. धाकट्याच्या वेळी नोकरी सोडली, ती आम्ही दोघांनी बोलून, आणि आजही मला तो निर्णय पटतो. त्यामुळे नोकरी करणाऱ्या आया आणि घरी राहणाऱ्या आया असा वाद कृपा करून इथे आणू नका. माझी बहीण नोकरी करते, तिची ओढाताण मी रोज फोनवर ऐकते.

आमची सकाळ सगळ्यांना दिसते. डबा, वेणी, व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न. दुपार कुणाला दिसत नाही. धाकट्याला खिमट भरवायचं, त्यातलं निम्मं जमिनीवरून पुसायचं, तो झोपला की आवाज न करता भांडी लावायची, तेवढ्यात मुलगी शाळेतून येते आणि तिला दारातूनच सगळं सांगायचं असतं, मोठ्याने. तो उठतो. मग संध्याकाळी सातपर्यंत एक कडेवर आणि एक पदराला. आणि या सगळ्याच्या मागे डोक्यात एक वही सतत उघडी असते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी झाल्या, नऊ महिन्यांची गोवर-रुबेला झाली, आता बूस्टर कधी. कुठल्या सिरपने त्याला उलटी होते. तिचे बूट पुढून टोचायला लागलेत. शाळेच्या ग्रुपवर रात्री नऊला मेसेज येतो की उद्या पिवळा ड्रेस आणि एक फळ. ही वही आजारपणातही बंद होत नाही. माझ्या मते सगळ्यात दमवणारं काम तेच आहे आणि त्याला काम म्हणून कुणी मोजत नाही.

जे मोजता येतं ते सरकारने मोजलंय. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात असं आढळलं. जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची सरासरी ८८ मिनिटं. घरातल्यांची काळजी घेण्याचा वेळ वेगळा धरलाय, बायकांची १३७ मिनिटं आणि पुरुषांची ७५. २०१९ च्या सर्वेक्षणात बायकांच्या घरकामाचा आकडा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटं कमी झाली.

आता पैशाकडे येते. रस्ता अपघातात गृहिणी गेली, तर भरपाई ठरवताना न्यायालय तिच्या कामाची किंमत धरतं. जमशेदपूरला एका कार्यक्रमात आग लागून माणसं गेली होती, त्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या सेवेचं मूल्य महिना ३००० रुपये धरलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट सांगितलं की गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरणं म्हणजे तिच्या श्रमाची दखल घेणं आहे. हे वाचलं तेव्हा मला आधी बरं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं. ती गेल्यावर जो हिशोब मांडता येतो, तो ती स्वयंपाकघरात उभी असताना का मांडू नये?

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी पोटगीच्या एका निकालात नवऱ्यांना उद्देशून लिहिलं की ज्या बायकोला स्वतंत्र उत्पन्न नाही तिला आर्थिक आधार द्या, संयुक्त खातं उघडा, एटीएम कार्ड तिच्या हातात द्या. त्याच्या आदल्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयासमोर एक जोडपं होतं. नवरा सौदी अरेबियात कमावत होता, बायको इथे घर आणि मुलं बघत होती. तिने घर सांभाळलं म्हणून तो कमवू शकला, हे मानून न्यायालयाने तिला मालमत्तेत निम्मा वाटा दिला. आणि आपल्या शेजारी गोव्यात तर लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने मालमत्ता नवराबायकोची निम्मीनिम्मी असते. एकाच्या सहीवर घर विकता येत नाही. सावंतवाडीची बाई आणि पेडण्याची बाई दिवसभर तेच काम करतात, मध्ये फक्त एक सीमा आहे.

मी हे घरी काढलं तेव्हा नवरा म्हणाला, “अगं, माझं ते तुझंच आहे ना?” तो मनापासून म्हणाला, मला त्याच्याबद्दल तिळमात्र शंका नाही. पण मी हिशोबातली बाई आहे. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर पुरुषाची मालमत्ता बायको, मुलं आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतली असतील, तर त्यांच्या वाट्याचं घर विकायला आईलासुद्धा न्यायालयाची परवानगी काढावी लागते. ‘नॉमिनी लावलंय’ यानेही काम भागत नाही. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते, पण ते वारसांचे असतात. कडेवर मूल घेऊन या चकरा मारायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणूनच आत्ता, सगळे धडधाकट असताना, बोलायचं.

सासूबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “हे गेले तेव्हा मला पासबुक कुठे आहे तेही माहीत नव्हतं.” एवढंच म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

आम्ही काय केलं तेही लिहिते, कारण मोघम बोलून कुणाचा उपयोग होत नाही. माझ्या नावाने पीपीएफ, म्हणजे सरकारी दीर्घ मुदतीच्या बचतीचं खातं उघडलं. त्याला पगाराची स्लिप लागत नाही. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात आणि व्याजावर कर नाही. पैसे पाच तारखेच्या आत भरायचे, नाहीतर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज बुडतं. पगार झाला की ही रक्कम सगळ्यात आधी जाते, किराणा आणि हप्ता नंतर. उरलं तर बायकोला, हे मला मान्य नाही. मुलं पाच वर्षांची होईपर्यंत मी जे करते त्यावर त्याची नोकरी उभी आहे, मग माझ्या म्हातारपणाची तरतूद त्याच पगारातून व्हायला हवी. याला मी उपकार मानत नाही आणि तोही आता मानत नाही. दोघांचीही मृत्युपत्रं करायची ठरवली आहेत.

लाडकी बहीण योजनेबद्दल तुमचं राजकीय मत काहीही असो. आमच्या गल्लीतल्या बायका त्या १५०० रुपयांबद्दल कशा बोलतात ते मी ऐकलंय. ‘माझ्या खात्यावर आले’ असं म्हणतात. रक्कम छोटी आहे, पण कुणाकडे मागावी लागली नाही.

नवीन घर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. महाराष्ट्रात २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घर आधीच नवऱ्याच्या नावावर असेल, तर त्यातला हिस्सा बायकोला बक्षीसपत्राने (गिफ्ट डीड) देता येतो. राहत्या घरासाठी त्यावरचं मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, महापालिका हद्दीत अधिभार वेगळा लागू शकतो. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची ना-हरकत लागते. आमचं कर्ज चालू आहे. ना-हरकतीचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून दिलाय.