पुस्तकवेड्यांना नावं ठेवू नका

"एवढी सगळी वाचून होणार आहेत का?" ज्यांच्या घरी पुस्तकांचं एखादं जरी कपाट आहे, त्यांना हा प्रश्न पाहुण्यांनी हमखास विचारलेला असतो. आमच्या मराठवाड्यात तो असा येतो, "कामून जमा करायलीस गं एवढा कागद?" विचारणारी माणसं मायेची असतात, म्हणून आपण हसतो आणि चहा टाकायला उठतो. आज मला त्याचं उत्तर नीट द्यायचं आहे. कारण पुस्तकवेड्या माणसांच्या ज्या सवयी लोकांना विचित्र वाटतात, त्या सवयींमुळंच आपल्या भागात पुस्तकं टिकली असं माझं ठाम मत आहे.

तर नाही, सगळी वाचून होणार नाहीत. तरीही मी घेत राहणार आहे.

मराठवाड्यात छापील मराठी पुस्तक घराघरात येऊन फार काळ झालेला नाही. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चालायचा आणि बरंचसं शिक्षणही उर्दूतून होतं. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही माध्यम उर्दूच. माझे आजोबा हिशेबाची वही उर्दूत लिहायचे. मराठी वाचायचं तर घरात फडक्यात बांधलेल्या पोथ्या तेवढ्या होत्या. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, विद्यापीठ यायला १९५८ उजाडलं. इथल्या कितीतरी घरांत कथा-कादंबरी वाचणारी पहिली पिढी अजून आपल्यात आहे. अशा भागातल्या माणसाला पुस्तक दिसलं की तो ते उचलतो, कारण पुन्हा दिसेल याची त्याला खात्री नसते. पुण्या-मुंबईला कामासाठी गेलेला आपला माणूस येताना पिशवीभर पुस्तकं घेऊन येतो, तो याच जुन्या धास्तीपोटी. आता मोबाइलवर बोट टेकवलं की पुस्तक घरपोच येतं हे त्यालाही माहीत आहे. पण हाताला लागलेली सवय अशी सुटत नाही, आणि सुटू नये असंच मला वाटतं.

बाबासाहेबांचंच बघा. न्यूयॉर्कला शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी हजारो जुनी पुस्तकं जमवली. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं, ती पाणतीर (टॉर्पेडो) लागून बुडाली. एखाद्याचं मनच उडालं असतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून जमवायला सुरुवात केली, आणि पुढं मुंबईत घर बांधलं तेच मुळी पुस्तकं मावावीत म्हणून. नागसेनवनात, म्हणजे बाबासाहेबांच्या त्या कॉलेजच्या आवारात, शिकून गेलेल्या पिढीतल्या लोकांकडं मी गेले आहे. घर दोन खोल्यांचं असलं तरी पुस्तकांची भिंत असते. त्या भिंतीकडं बघून "वाचून होणार का" असं विचारायची माझी हिंमत होणार नाही.

पुस्तकवेड्या माणसाला ओळखायचं कसं? तो तुमच्या घरी आला की आधी मान तिरकी करून तुमच्या मांडणीवरची नावं वाचतो, मग "कसं काय" विचारतो. एस.टी.त शेजारच्याच्या हातात पुस्तक दिसलं तर मुखपृष्ठ दिसेपर्यंत त्याला चैन पडत नाही. भेळ खाऊन झाली की पुडीचा कागद उलगडून वाचतो, आणि मजकूर अर्ध्यावर तुटला तर खरोखर हळहळतो. नवं पुस्तक हातात आलं की आधी मधोमध उघडून नाकाला लावतो.

या वासाची गंमत सांगते. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदात लिग्निन असतं. वर्षानुवर्षं ते विघटत जातं, त्यामुळं कागद पिवळा पडतो आणि व्हॅनिलाच्या जवळपासचा तो गोडसर वास सुटतो. चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात लिग्निन फारच थोडं आणि आम्लही कमी, म्हणून जुन्या पोथ्यांची पानं शेकडो वर्षांनीही मऊ राहतात आणि शाळेतलं आपलं पुस्तक वीस-तीस वर्षांत हातात मोडतं. आणि हातकागदाचं गाव आपल्याकडंच आहे, दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरचं कागजीपुरा. तुघलकानं राजधानी देवगिरीला हलवली तेव्हापासून तिथं कागद होतो असं सांगतात. वेरूळला जाणाऱ्या बसमधून ते गाव मागं पडतं आणि बहुतेकांची मान वरसुद्धा होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वेडाचीच गोष्ट निघाली तर अंबाजोगाईला जाऊन या. संतकवी दासोपंतांना कागद पुरला नाही म्हणून की काय, त्यांनी पासोडीवर, म्हणजे पांघरायच्या जाड कापडावर ग्रंथ लिहिला. सुमारे चाळीस फूट लांबीची ती पासोडी आहे, आणि चारशे वर्षांनंतर आजही आहे. लिहिणाऱ्याचं वेड तर झालंच, पण मधल्या इतक्या पिढ्यांनी एक कापड कसरीपासून, उंदरांपासून, पावसापासून सांभाळलं, त्या वेडाला काय म्हणाल?

सांभाळणं हा या छंदाचा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग आहे. आमच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. नुसत्या गोंदानं चिकटवलेली बांधणी त्या उष्णतेत तडकते आणि पानं सुटतात. दोऱ्यानं शिवलेलं पुस्तक तग धरतं. म्हणून पुस्तक विकत घेताना कणा बघायचा, शिलाई आहे का बघायची, हे मला आमच्या तात्यांनी शिकवलं. ते स्वतः घरी पुस्तकं बांधायचे. कणकेची खळ शिजवायची आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, कारण नुसती खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण. मग पुठ्ठा, कापडी कणा, वरून खाकी कागद आणि कागदावर त्यांच्या वळणदार अक्षरात नाव. पावसाळा संपला की पुस्तकं बाहेर काढायची, सावलीत वाऱ्यावर ठेवायची, फडताळात कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे टाकायचे. उन्हात मात्र ठेवायची नाहीत. घरातल्या बायकांना हे काम वाढीव वाटायचं, आणि ते होतंही, हे मान्य केलं पाहिजे. पण आज त्या फडताळातली पुस्तकं मीच उघडते, आणि पान सुटत नाही.

पुस्तकावर लिहावं की नाही यावरून आमच्यात दोन तट आहेत. काही जण कोपरा मुडपलेला दिसला तरी कासावीस होतात. त्यांचा मला आदर आहे, पण मी दुसऱ्या तटातली. पहिल्या पानावर नाव, तारीख, गाव लिहिलंच पाहिजे. समासात पेन्सिलीनं लिहावं, पटलं नाही तर "नाही!" असंही लिहावं. औरंगाबादच्या औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एकदा असं पुस्तक मिळालं, ज्यात आधीच्या वाचकानं एका प्रकरणाशेजारी नुसतं "माझी आई" एवढंच लिहिलेलं होतं. छापलेल्या मजकुरानं माझ्यावर जेवढा परिणाम केला नसता तेवढा त्या दोन शब्दांनी केला. ते पुस्तक कोरं मिळालं असतं तर मी अर्ध्यावर सोडलं असतं.

वाचनखुणांचंही तेच. जुन्या पुस्तकातून एस.टी.चं तिकीट निघतं, लग्नपत्रिकेचा फाडलेला कोपरा निघतो, जाळी झालेलं पिंपळपान निघतं. काढून टाकू नका. ते त्याच पानावर राहू द्या.

पण माझा खरा राग आहे कुलपावर. काचेचं कपाट, आत कोरी करकरीत पुस्तकं, बाहेर कुलूप आणि किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. मी ज्या शाळेत शिकले तिथं असंच होतं. काचेला नाक लावून आम्ही नावं वाचायचो. दसऱ्याला तेच कपाट उघडून हळद-कुंकू वाहिलं जायचं आणि पुन्हा बंद. पुस्तकं फाटतील, हरवतील ही भीती मला समजते. पण रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच हे आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. लेकराच्या हातून फाटलेलं पुस्तक निदान कुणीतरी उघडलेलं असतं.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकल करणारा विनवणी लिहायचा, मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पहिल्या तीन गोष्टी मी पाळते. चौथी पाळत नाही, कारण वाचायला मागणाऱ्याला मी मूर्ख समजू शकत नाही. पुस्तक मी देते. वहीत नोंद करून देते, पण परत आलं नाही तर फोन करत नाही. पुस्तकवेड्याच्या सगळ्या सुखांत हे सुख मोठं आहे. आपल्याला आवडलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हातात ठेवायचं आणि तो कुठपर्यंत पोचला असेल याचा दिवसभर अंदाज करत बसायचं.

एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला साहित्य संमेलन झालं तेव्हा मी ग्रंथप्रदर्शनातच जास्त वेळ होते. ऊन मी म्हणत होतं. एक शेतकरी आजोबा एका गाळ्यापाशी पुस्तक उचलायचे, मागची किंमत बघायचे, ठेवायचे, पुढं जायचे, परत यायचे. शेवटी धोतराच्या कनवटीतून नोटा काढून त्यांनी ते घेतलं आणि तिथंच मंडपाच्या खांबाला टेकून वाचायला बसले. भाषण सुरू झाल्याची घोषणा झाली. ते उठले नाहीत.

अशा माणसांच्या जिवावर गावोगावची वाचनालयं चालली आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं अनुदानाची सोय केली, त्याखालच्या नियमांनी वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले. तरी ड वर्गाच्या वाचनालयाचा ग्रंथपाल किती थोडक्या पैशावर रोज संध्याकाळी कुलूप उघडतो, हे तुमच्या गावात जाऊन विचारा. त्याचं मानधन वाढलंच पाहिजे. आणि आपण निदान वर्गणी तरी वेळेवर भरावी.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून पुस्तकं निघतील. रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी गावातल्या वाचनालयात विचारा, नाहीतर मला कळवा. परभणी-सेलू पट्ट्यात असाल तर मी स्वतः घ्यायला येते. ज्यांना वाचायला हवी आहेत त्यांनीही सांगा. कादंबऱ्या, चरित्रं, जुने दिवाळी अंक भरपूर आहेत. अट एकच, पहिल्या पानावरच्या नावांखाली तुमचं नाव, तारीख आणि गाव लिहायचं.